ज्या, जेब आणि साइन

पालकहो,

दहावीचं वर्ष सुरू होऊन दोनतीन महिने झाले की तुमच्यापैकी कुणी ना कुणी संध्याकाळी दारात येऊन उभं राहतं. "बाई, बाकीचं गणित ठीक चाललंय, पण त्रिकोणमिती आली की पोर वही मिटून बसतंय." मग जरा थांबून, आवाज खाली आणून पुढचं वाक्य येतं, "आम्हाला इंग्रजी येत नाही ना, नाहीतर आम्हीच घेतलं असतं बसून."

हे दुसरं वाक्य मला जास्त लागतं. त्याच्याबद्दलच आज तुमच्याशी मनातलं बोलायचं आहे.

आपण इथले मराठी लोक बहुतेक सांगलीकडचे. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी आपली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत गेली, तशी जयपूरच्या या चारदीवारीतही आली. जोहरी बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत खाली मूस आणि भट्टी, वर संसार. मुलं रस्त्यावर हिंदी बोलतात, पुस्तक इंग्रजीत वाचतात आणि जेवायला बसली की मराठीत भांडतात. तुमची स्वतःची शाळा गावाकडे मराठीत झाली. कुणी दहावीपर्यंत शिकलं, कुणी आठवीतच मामाच्या दुकानात आलं. मुलाच्या इंग्रजी पुस्तकासमोर तुम्ही गप्प बसता. आपलं शिक्षण इथे काही कामाचं नाही असं तुम्ही धरून चालता, आणि मूलही तसंच धरून चालतं.

त्रिकोणमितीच्या पहिल्या पानावरच एस-आय-एन ही तीन अक्षरं येतात. मुलं त्यांचा अर्थ लावू बघतात, कारण मूल अर्थ लावल्याशिवाय राहत नाही. कुणी सांगतं, साइन म्हणजे सही. कुणी ती अक्षरं 'सिन' अशी वाचतं आणि सिन म्हणजे पाप हे त्याने सिनेमात ऐकलेलं असतं. दोन्ही अर्थ इंग्रजीत आहेतच, त्यामुळे मुलाला चूक म्हणता येत नाही. सहीचा साइन लॅटिनमधल्या 'सिग्नम'वरून आला, सिग्नम म्हणजे खूण. पापाचा सिन लॅटिनमधला नाही, तो जुन्या इंग्रजीतला. गणितातल्या साइनचा या दोघांशी काही संबंध नाही. तो लॅटिनमधल्या 'सायनस' या शब्दावरून आला आहे. सायनस म्हणजे कपड्याची चुणी, छातीपाशी झोळीसारखा पडलेला कापडाचा घोळ, पदराची खोळ. समुद्र जमिनीत आत वळून शिरतो त्या आखातालाही लॅटिनमध्ये सायनसच म्हणत. सर्दी साठून नाकाच्या वरचा भाग दुखू लागला की डॉक्टर सायनस म्हणतात तो हाच शब्द, कारण चेहऱ्याच्या हाडांत तिथे पोकळ्या आहेत.

आता तुम्ही विचाराल, आणि हुशार मूल तर विचारणारच, की काटकोन त्रिकोणाचा आणि कपड्याच्या चुणीचा संबंध काय? संबंध काहीच नाही. आणि इथेच ती गोष्ट सुरू होते जी तुम्हाला सांगता यावी असं मला फार वाटतं.

त्यासाठी एक ताट घ्या. कागदावर उपडं घालून कडेने पेन्सिल फिरवा, वर्तुळ मिळेल. ते कापून दोनदा दुमडलंत की घड्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. मध्यातून उजवीकडे एक आडवी रेघ ओढा. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन त्या रेघेच्या वर ३० अंशांवर एक रेघ आणि खाली ३० अंशांवर दुसरी रेघ काढा, दोन्ही थेट कडेपर्यंत. ती दोन टोकं दोऱ्याने जोडा. आता वर्तुळाचा जो तुकडा त्या दोन टोकांमध्ये आहे त्याच्याकडे नीट पाहा. धनुष्य दिसेल. वाकलेली कड म्हणजे धनुष्याची कांब आणि ताणलेला दोरा म्हणजे त्याची दोरी. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ज्या म्हणतात, जीवाही म्हणतात.

पट्टी घेऊन दोरा मोजा. ताट २४ सेंटिमीटरचं असेल तर दोरा १२ भरेल. मधल्या आडव्या रेघेने त्याचे दोन सारखे भाग केलेत, म्हणजे अर्धी दोरी ६. मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर १२. सहाला बाराने भागा, अर्धा आला. मुलाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की ३० अंशांचा साइन एक छेद दोन. तो पाठ करत असतो. तुम्ही त्याला तो ताटाच्या कागदावर दाखवलात, इंग्रजीचं एक अक्षर न काढता.

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहिलेल्या 'आर्यभटीया'त हेच केलं आहे. त्याच्या आधी ग्रीक ज्योतिषी आकाशातली अंतरं काढायला पूर्ण दोरी वापरत. टॉलेमीने तर पूर्ण दोरीची मोठी कोष्टकं केली होती. आपल्याकडच्या गणित्यांनी पाहिलं की प्रत्येक वेळी कोन दुप्पट करा, दोरी काढा आणि मग निम्मी करा, यापेक्षा अर्धीच दोरी धरून चालावं. म्हणून अर्धज्या, आणि बोलता बोलता अर्ध गळून नुसती ज्या. आर्यभटाने पाव वर्तुळाचे २४ भाग केले आणि प्रत्येक भागाची ज्या कशी मिळवायची ते सूत्रात बांधून ठेवलं. पहिली २२५, मग ४४९, मग ६७१, असं चढत चढत आठव्या जागी, म्हणजे ३० अंशांवर, १७१९ येतात आणि शेवटच्या जागी, ९० अंशांवर, ३४३८. मुलाला सांगा, ३४३८ ला २ ने भाग. त्याच्या चेहऱ्याकडे पाहा.

३४३८ च का, असं तो विचारील. वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या ६० कला, म्हणजे सगळा परीघ २१६०० कलांचा. परीघ एवढा असेल तर मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर सुमारे ३४३८ कला भरतं. परिघाला पायच्या दुपटीने भागायचं, एवढंच गणित. अंतरही कलांमध्येच मोजलं, म्हणजे कोन आणि लांबी एकाच मापात बसली. अकरावीत मुलं रेडियन शिकतात तेव्हा याचीच सख्खी बहीण भेटते.

आता तुमच्या शाळेत चला. मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराला तुम्हाला काय शिकवलं होतं? त्रिज्या. वर्तुळावरच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला? जीवा. पाचवी-सहावीपासून तुम्ही हे शब्द लिहिलेत आणि त्यांत काय दडलं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, मलाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. जीवा म्हणजे तीच धनुष्याची दोरी. आणि त्रिज्या म्हणजे तीन राशींची ज्या. एक रास ३० अंशांची, तीन राशी म्हणजे ९० अंश. ९० अंशांची ज्या वाढत वाढत मध्यापासून कडेपर्यंतच्या पूर्ण अंतराएवढी होते, म्हणून त्या अंतराचंच नाव त्रिज्या पडलं. मुलाच्या पुस्तकात कोष्टक असतं, साइन नव्वद बरोबर एक. तो ते घोकतो. घोकण्यासारखं त्यात काहीच नाही, कारण ते तुमच्या 'त्रिज्या' या शब्दात उघडउघड सांगितलेलं आहे.

हा शब्द माझ्या फार आवडीचा आहे. हिंदीतही तो त्रिज्याच आहे, म्हणजे तुमच्या मुलाने इथल्या शाळेतही ऐकलेला. फक्त तो आणि साइन एकाच घरातले आहेत हे त्याला माहीत नाही.

मग घर सुटलं कसं? आठव्या शतकात सिंधकडून गेलेल्या पंडितांबरोबर आपल्या ज्योतिषाचे ग्रंथ बगदादला पोचले. खलिफा अल-मन्सूरचा तो काळ. तिथल्या विद्वानांनी ते अरबीत आणले. ज्या आणि जीवा या शब्दांचं भाषांतर न करता त्यांनी आवाज तसाच उचलला, जीबा. अरबीत लिहिताना लघुस्वर बहुधा लिहीत नाहीत, अक्षरांचा सांगाडा लिहितात आणि वाचणारा आपल्या समजुतीने स्वर भरतो. जीबा या शब्दाला अरबीत अर्थ नाही. पण तीच अक्षरं जैब अशीही वाचता येतात आणि जैब हा अरबीत रोजच्या वापरातला शब्द आहे. अंगरख्याचा गळ्याखालचा भाग, छातीवरची खोळ, जिथे माणूस पैसे ठेवतो ती जागा. होता होता तेच वाचन रूढ झालं.

हा जैब तुम्ही रोज ऐकता. बापू बाजारात गिऱ्हाईक 'जेब में पैसे नहीं हैं' म्हणतं ना, तीच जेब. अरबीतून फारसीत, फारसीतून हिंदीत. आपण मराठीत खिसा म्हणतो, आणि खिसाही तिकडूनच आलेला, फारसीतल्या 'कीसा'वरून. कीसा म्हणजे थैली.

पुढे बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो शहरात अरबी ग्रंथांचं लॅटिनमध्ये भाषांतर करण्याचं मोठं काम चाललं. इटलीतल्या क्रेमोनाहून आलेला जेरार्ड नावाचा एक विद्वान त्या शहरात राहिला आणि मरेपर्यंत, म्हणजे ११८७ पर्यंत, त्याने सत्तरच्या वर ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. त्या शतकातल्या अनुवादकांसमोर जैब हा शब्द आला. जैब म्हणजे छातीवरची खोळ, मग लॅटिनमध्ये तिला काय म्हणायचं? सायनस. रोमन लोकांचा टोगा असे, त्याचा घोळ छातीवर येई आणि त्यात ते चीजवस्तू ठेवत, त्या घोळाचं ते नाव. भाषांतर अगदी अचूक होतं. मूळचा शब्द मात्र तोवर मागे राहिला होता. धनुष्याची दोरी कपड्याची खोळ झाली आणि त्याच नावाने साऱ्या युरोपभर गेली. इंग्रजीत सायनसचा साइन झाला. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात ज्योतिष शिकवणाऱ्या एडमंड गंटर यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात शेवटचं अक्षर टाकून तीनच अक्षरं वापरली, आणि तुमचा मुलगा ज्याला पाप समजतो ती खूण पुस्तकात आली.

तुम्हाला हे चमत्कारिक वाटायला नको. साळुंख्यांच्या मुलाचं नाव इथल्या शाळेच्या हजेरीपटात घालताना ळ चा ल होतो, पुढे इंग्रजी दाखल्यावर आणखी काही होतं, आणि तरी पोरगं साळुंख्यांचंच राहतं. शब्दांचंही तसंच होतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ही कहाणी सांगताना 'बघ, सगळं आपलंच होतं, त्यांनी उचललं' असा सूर लावू नका. मुलांना तो सूर लगेच आवडतो आणि शिकणं तिथेच थांबतं. ज्या आपली, पण पूर्ण दोरीची कल्पना ग्रीकांकडची. आणि पुढे अरब व फारसी गणित्यांनी या विषयात जे केलं ते आपण केलं नव्हतं. सहाही गुणोत्तरं त्यांनी मांडली, फार बारीक कोष्टकं केली, त्रिकोणमितीला ज्योतिषापासून वेगळं काढून तिचा स्वतंत्र विषय केला. जैब वाचणाऱ्यालाही चूक म्हणून हिणवू नका. त्याने परक्या शब्दाला आपल्या भाषेत जागा दिली, म्हणून तो शब्द तोलेदोपर्यंत जिवंत पोचला. माझं म्हणणं एवढंच आहे की मुलाला त्या शब्दाचा ठावठिकाणा कळावा. ज्याचा ठावठिकाणा माहीत आहे त्याची भीती वाटत नाही.

आता घराबाहेर पडा. आपण ज्या गल्लीत राहतो तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, सिटी पॅलेसला लागून, जंतरमंतर आहे. पाहुणे आले की आपण त्यांना घेऊन जातो, हवामहलसमोर फोटो काढतो, लस्सी पितो आणि परत येतो. जंतरमंतरात एक मोठं त्रिकोणी बांधकाम दिसतं, वर छत्री असलेलं, सुमारे २७ मीटर उंच. त्याच्यासमोर उभं राहून आपण म्हणतो, केवढं मोठं घड्याळ! तिथे थोडं जास्त थांबायला हवं.

सवाई जयसिंहांनी १७२७ च्या नोव्हेंबरात हे शहर वसवायला घेतलं आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच ही वेधशाळा उभी राहिली. पितळेची यंत्रं लहान असतात, झिजतात, हलतात, वेध चुकतात, म्हणून त्यांनी दगड-चुन्यात यंत्रं बांधायचं ठरवलं. त्या त्रिकोणी यंत्राचं नाव सम्राट यंत्र. त्याची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणून जमिनीशी ती करते तो कोन जयपूरच्या अक्षांशाएवढा आहे, जवळजवळ २७ अंश. आता पर्यटकांना त्या पायऱ्यांवर चढू देत नाहीत, पण बाजूला उभं राहून सगळं नीट दिसतं.

मुलाला तिथे उभं करा आणि विचारा, या चढणीवरून कुणी १०० हात वर गेलं तर ते जमिनीपासून किती उंच पोचेल? तो अंदाज करील. करू दे. मग मोबाइलवर २७ अंशांचा साइन काढायला सांगा, ०.४५ येईल. म्हणजे सुमारे ४५ हात. कोन हाच राहिला तर कितीही चढा, चढलेल्या अंतराचे शंभर भाग केले तर उंची त्यातल्या ४५ भागांएवढीच. साइन म्हणजे हेच. चढण किती उभी आहे ते सांगणारा आकडा. तीनशे वर्षांपूर्वीचा दगडी त्रिकोण समोर असताना वहीतला त्रिकोण कळत नाही असं होत नाही. निदान माझ्या पाहण्यात झालेलं नाही.

त्याच यंत्राच्या दोन्ही बाजूंना संगमरवराच्या पट्ट्या लावलेल्या पाव वर्तुळाच्या भिंती आहेत. त्यांची त्रिज्या पंधरा मीटरच्या वर. सावलीची कड त्यांवरून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. मुलाला पट्टीवरच्या एका बारीक रेघेवर नजर ठेवून मिनिटभर शांत उभं राहायला सांगा. सहा-साडेसहा सेंटिमीटर पुढे जाताना सावली डोळ्यांना दिसते. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेलं असतं, इथे ते दिसतं. सावलीची कड जरा पसरट असते, म्हणून ती कुठे संपते हे ठरवायला डोळा बसावा लागतो. कस लावताना तुमचा बसतो तसा.

आणि याच चारदीवारीत ज्या, जैब आणि सायनस ही तिन्ही घराणी एकत्र आली होती. जयसिंहांच्या पदरी दक्षिणेतून आलेले जगन्नाथ पंडित होते, सम्राट जगन्नाथ म्हणून ते ओळखले जातात. ते मुद्दाम अरबी शिकले आणि फारसी गणिती नसीरुद्दीन तूसीच्या अरबी प्रतींवरून त्यांनी दोन थोर ग्रीक ग्रंथ संस्कृतात आणले. युक्लिडच्या भूमितीचं 'रेखागणित' आणि टॉलेमीच्या ग्रंथाचं 'सम्राट सिद्धांत'. अरबी लेखक जिथे जैब लिहीत तिथे जगन्नाथांच्या संस्कृतात पुन्हा ज्या आली. हजार वर्षांनी ती परत आपल्या घरी आली, आणि ती इथे, जयपुरात. पुढे १९०१-०२ मध्ये त्यांचं 'रेखागणित' मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापून निघालं.

जयसिंहांनी वेधशाळा उभारण्याच्या काळातच गोव्याच्या पोर्तुगीजांशी संबंध जोडून आग्र्याच्या एका जेझुइट पाद्र्याबरोबर आपली माणसं लिस्बनला पाठवली. तिकडून फ्रेंच ज्योतिषी ला हिर याची लॅटिन कोष्टकं आली, सायनस म्हणणाऱ्या भाषेतली. जयसिंहांनी ती डोळे मिटून घेतली नाहीत. इथल्या वेधांशी ताडून पाहिली, चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक सापडली, आणि ती त्यांनी आपल्या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवली. हा भाग मुलांना जरूर सांगा. बाहेरचं ज्ञान मागवायचं आणि तपासूनच घ्यायचं, असं करणारा राजा आपल्या मुलांच्या शहराने पाहिला आहे.

आपल्या लोकांसाठी आणखी एक. जयसिंहांचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे महाशब्दे आडनावाचे महाराष्ट्रीय ब्राह्मण. परकोट्याच्या उत्तरेला ब्रह्मपुरीत पौंडरीकांची हवेली आजही आहे. आपण जयपुरातले पहिले मराठी नव्हे, एवढं मुलांना माहीत असलं तर परगावी असल्याची भावना थोडी कमी होते असा माझा अनुभव आहे.

बाकीच्या तीन शब्दांवर थोडक्यात. टॅन म्हणजे टॅन्जंट, लॅटिनमध्ये 'स्पर्श करणारी'. तुमच्या मराठी पुस्तकात वर्तुळाला एकाच बिंदूत टेकणारी रेषा होती, तिचं नाव स्पर्शिका. सेक म्हणजे सीकंट, 'छेदणारी'. तुमची छेदिका. ही दोन्ही नावं युरोपात १५८३ मध्ये थॉमस फिंके यांनी वापरली. आणि कॉस म्हणजे को-साइन, पूरक कोनाचा साइन. आपल्याकडे कोटिज्या, धनुष्याच्या टोकाला कोटि म्हणतात त्यावरून. विट्याच्या शाळेत मराठीतून भूमिती शिकलेल्या माणसाला या धड्यातले अर्धे शब्द आधीच येतात. तुम्ही ते मुलाला कधी सांगितले नाहीत, कारण मराठीतलं गणित इथे उपयोगी नाही असं तुम्हाला वाटलं. काही जणांनी तर मुलाचा गोंधळ नको म्हणून घरात मराठी बोलणंही कमी केलं. ते करू नका. गोंधळ भाषा जास्त असल्यामुळे होत नाही. एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेतल्या शब्दाला कुणी जोडून देत नाही तेव्हा होतो, आणि ती जोडणी घरी बसूनच होते, क्लासमध्ये तिला वेळ नसतो.

यामुळे लगेच गुण वाढतील असं मी सांगणार नाही. उदाहरणं सोडवावीच लागतील, कोष्टक हाताखालून जावंच लागेल. मुलाच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात त्रिकोणमितीच्या धड्यात आर्यभटाचं नाव घेणारी एक छोटी टीप आहे. परीक्षेला येत नाही म्हणून ती सगळे सोडून देतात. ती त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि तिच्यात जी जेब राहून गेली आहे ती तुम्ही भरा.

जंतरमंतरला जायचं तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी बाराच्या थोडं आधी जा. सकाळची सावली पश्चिमेकडच्या भिंतीवर असते, खाली उतरत येते आणि मध्यान्ही पूर्वेकडे जाते. मोबाइलवर बारा वाजलेले असतील तरी यंत्रावर वाजलेले नसतील. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं आणि जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे सुमारे २७ मिनिटांचा फरक तेवढ्यानेच पडतो. वर्षभरात तो आणखी थोडा कमीजास्त होतो, त्याची सुधारणा करावी लागते. अक्षांशाचे २७ अंश आणि ही २७ मिनिटं हा निव्वळ योगायोग आहे, मुलं दोन्ही एक करतात, तेवढं सांभाळा. सोबत कोनमापक, दोरा आणि वही असू द्या.

पुढच्या सोमवारपासून मी वर्गात साइन सुरू करते आहे. धनुष्य मी काढीन, अर्धी दोरीही दाखवीन. त्रिज्येचं मात्र बोलणार नाही. मुलांनी विचारलं तरी सांगीन, घरी विचारा.